मागच्या सबफ्रेमचे दोन बोल्ट तुटले. काढू कसे? आणि नवे कुठले टाकू?

टॉर्कवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बराच काळ वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आल्यावर धागा काढतोय.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन दारांची कूपे. वय विशीच्या पुढे, ताकद भरपूर, मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी). नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "ही गाडी घेतलीच कशाला" यावरच येतील. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून 'खट्' आणि परत दाबला की पुन्हा 'खट्' असा आवाज येत होता. डिफरन्शियलचे बुश (रबराचे आधार) गेले असतील असं धरून मागची सबफ्रेम, म्हणजे डिफरन्शियल आणि मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा, उतरवायला घेतली.

सबफ्रेम चार मोठ्या बोल्टांवर आहे, एम१२ (बारा मिलिमीटर जाडीचे), दीडची पिच (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर). दोन बोल्ट सुरळीत निघाले. पुढचा डावा पाना लावल्याबरोबर मोकळाच फिरला आणि निम्मा हातात आला, म्हणजे तो आत आधीच तुटून बसला होता. मागचा उजवा ढिम्म हलेना. लांब दांडी लावून जोर दिला तेव्हा आधी जरा मऊ पडल्यासारखा वाटला, मग फाटकन गेला.

दोन्ही तुकडे वर चॅसिसमधल्या नटात आहेत. नट आतून वेल्ड केलेले, वरून हात जात नाही. पुढच्या बाजूला नट पत्र्यापासून बराच आत आहे, मधे बिनआट्यांचं भोक आहे आणि तुकडा नटाच्या तोंडाशी सपाट तुटलाय. मागच्या बाजूला नट पत्र्याला लागूनच आहे आणि तुकडा दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावतोय.

प्रश्न दोन. काढायचे कसे? आणि नवे टाकताना मूळच्या १०.९ ऐवजी त्याहून ताकदीच्या १२.९ ग्रेडचे टाकले तर पुन्हा तुटायचं टळेल का?

सहज_सुचलं

ही गाडी घेतलीच कशाला? :)

(कुणीतरी म्हणायला हवंच होतं.)

गंजलेला नट

माझ्या आयडीचा धागा निघाला, हजेरी लावून जातो. वाचतोय.

अतिघाई

सोपं आहे राव. मधोमध भोक पाडा, इझीआउट (तुटका बोल्ट काढायची उलट्या आट्यांची निमुळती सळी) ठोका, उलटं फिरवा, बाहेर. १२.९ टाका, विषय संपला.

फिटरकाका

अतिघाई, तुझ्या आयडीला जागलास बघ.

टॉर्कवेडा, इझीआउटला सध्या हात लावू नकोस. कारण साधं आहे. बारा मिलिमीटरचा पूर्ण बोल्ट ज्या जोराला फिरला नाही आणि तुटला, तो तुकडा त्याच्या पोटात घातलेल्या सहा-सात मिलिमीटरच्या सळीने कसा फिरेल? त्यातून ते निमुळतं असतं. जितकं आत ठोकशील तितका तुकडा फुगून आट्यांना आणखी घट्ट धरतो. आणि एकदा का इझीआउट आत मोडलं की खेळ खलास. ते इतकं कडक असतं की साधा ड्रिल बिट त्यावर नुसता कुरकुरतो. मग कार्बाइडचा बर घेऊन खरवडत बसायचं, नाहीतर स्पार्क इरोजनवाल्याला (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवणाऱ्याला) शोधायचं, आणि त्याच्या यंत्रावर अख्खी गाडी चढवता येत नाही.

इझीआउट वाईट आहे असं नाही. नुसता अडकलेला, न जखडलेला तुकडा असेल तर चालतं. गंजाने जखडलेल्याला नाही.

आधी सांग, दोन्ही तुटक्या तोंडांचा रंग आणि पोत कसा आहे? कडेला जाऊन उजेडात नीट बघ.

अतिघाई

काका, तोंडाचा रंग बघून काय करायचंय? काढायचाच आहे ना तो?

लोहगंधा

काकांचा प्रश्न अगदी योग्य आहे. माझं शिक्षण धातुशास्त्रातलं आहे आणि तुटलेले भाग बघणं हे रोजचं काम. टॉर्कवेडा, तुटलेलं तोंड तारेच्या ब्रशने घासू नका, तेल फवारू नका. हातात आलेले खालचे अर्धे भाग आहेत ना? तिरप्या उजेडात धरा आणि जे दिसेल ते शब्दांत लिहा. जमलं तर भिंग घ्या.

टॉर्कवेडा

लोहगंधाताई, भिंग घेऊन बसलो.

डाव्याच्या तोंडावर एका कडेपासून सुरू होऊन जवळपास दोन-तृतीयांश भाग काळपट तपकिरी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत आहे. त्यात बारीक कमानी दिसतात, एकामागून एक, सगळ्या त्या कडेभोवती. उरलेला भाग राखाडी आणि खडबडीत.

उजव्याचं तोंड सगळं ताजं, एका रंगाचं. जवळपास सपाट आणि त्यावर गोल फिरल्यासारख्या रेघा. वरच्या दोन आट्यांत केशरी भुकटी भरलीय, नखाने निघत नाही.

लोहगंधा

फोटोची गरजच ठेवली नाहीत तुम्ही!

डावा बोल्ट थकून तुटलाय. ज्या कडेपासून कमानी सुरू होतात तिथे आट्याच्या मुळाशी पहिली चीर पडली. नटात शिरणारा पहिला आटा सगळ्यात जास्त भार घेतो, म्हणून चीर बहुतेक वेळा तिथेच पडते, आणि तुमचा तुकडा नटाच्या तोंडाशीच तुटलाय. मग ताण येईल-जाईल तशी ती इंच-इंच नाही, केस-केस पुढे सरकत गेली. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, तिच्यात पाणी-हवा जाऊन रंग बदललाय. शेवटचा खडबडीत भाग एका झटक्यात गेला. तोच तुमचा 'खट्' मोठा झाला असेल तो दिवस.

उजव्याची गोष्ट वेगळी. तो बोल्ट निरोगी होता. आट्यांतल्या गंजाने त्याला धरून ठेवला आणि तुम्ही पिळून तोडलात. गोल रेघा पिळाच्या आहेत. 'मऊ पडल्यासारखा वाटला' म्हणालात ना, तेव्हा पोलाद आधी वाहायला लागलं होतं. असं परत जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि उलटं घट्ट करून बघायचं.

म्हणजे डावा तुकडा नटात बहुधा नुसता बसलाय. त्याच्यावर ताण उरलेला नाही. उजवा खरोखर जखडलाय. दोघांना एकच औषध लावू नका. काका, काढायचं कसं ते आता तुम्ही सांगा.

फिटरकाका

झकास. आता बोलू.

डावा तुकडा. उलट्या दिशेने कापणारा ड्रिल बिट मिळतो, तो आण. कोबाल्टचा घे, कारण १०.९ चं पोलाद साध्या बिटाला दाद देत नाही. ड्रिल मशीन उलट्या दिशेला, वेग कमी, दाब भरपूर, कापायचं तेल थेंबथेंब. बिट कापतो तोच मुळी बोल्ट सोडवायच्या दिशेने. मोकळा तुकडा असेल तर भोक पूर्ण व्हायच्या आधीच बिटाबरोबर फिरत बाहेर येतो.

खरी अडचण मध्य गाठायची आहे. खोल भोकात, खाली झोपून, सेंटर पंच नीट बसत नाही, आणि थकून तुटलेलं तोंड तिरकं असलं की बिट घसरून नटाच्या आट्यांत शिरतो. म्हणून तुझ्या त्या बिनआट्यांच्या भोकाचा फायदा घे. लेथवर एक बुश, म्हणजे या वेळी मधे भोक असलेली धातूची नळकांडी, करून घे. बाहेरचा व्यास त्या भोकात हाताने दाबून बसेल एवढा, आणि बरोबर मधोमध चार मिलिमीटरचं आरपार भोक. बुश वर सारून तुकड्याला टेकव आणि त्यातून ड्रिल कर. बिट हलूच शकत नाही. चार मिलिमीटरने काम झालं नाही तर सहा-साडेसहाचं भोक असलेला दुसरा बुश.

उजवा तुकडा. हा बाहेर डोकावतोय ही तुझी पुण्याई. यावर नट वेल्ड करायचा. तुकडा ब्रशने लख्ख कर, त्यावर आधी वॉशर ठेव, म्हणजे चॅसिसचा पत्रा वाचेल, मग बोल्टच्याच मापाचा किंवा एक माप लहान नट. मिग वेल्डिंगने नटाच्या भोकातून थेट तुकड्याच्या मधोमध सुरू कर आणि भरत बाहेर ये. बाहेरून टाके मारू नकोस, ते लगेच सुटतात. लाली गेली की पाना लावायचा. आणि सोडवायच्या आधी किंचित आवळायचा. पाव इंच इकडे, पाव इंच तिकडे, मधे तेल. हललाय असं वाटलं तरी घाईने पूर्ण फिरवायला जायचं नाही. नट उपटून आला तर दुसरा वेल्ड कर. प्रत्येक वेळच्या उष्णतेने गंज थोडा आणखी सुटतो, त्यामुळे आधीची मेहनत वाया जात नाही.

मोजूनमापून

उष्णतेचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं नट 'मोठा होतो'. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं. बारा मिलिमीटरचा बोल्ट ३०० अंशांनी तापला तर व्यास वाढतो जेमतेम ०.०४ मिलिमीटर. पण तो वाढायला बघतो तेव्हा भोवतीचा नट थंड असतो, म्हणून आट्यांतला गंज चिरडला जातो. थंड झाला की बोल्ट परत आकसतो आणि चिरडलेल्या गंजात फट पडते. म्हणून काका 'लाली गेली की' म्हणतात. बोल्ट धगधगत असताना फिरवायला जाल तर तो सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात मऊ अशा दोन्ही अवस्थांत असतो.

गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. बंद आट्यांत ती मिळत नाही, मग तो स्वतःच पाचर होऊन बसतो.

चाकोरी

वेल्डिंगवर सगळे खूश आहेत, पण टाकीबद्दल कुणी बोललंच नाही!

बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या सबफ्रेमच्या पुढच्या माउंटला लागून असतात. टॉर्कवेडा, ज्योत किंवा वेल्डिंगची ठिणगी पेटवायच्या आधी:

टाकी उतरवता आली तर उतरवाच. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची असते, कारण आत वाफ उरते. आतून सीट, कार्पेट आणि पत्र्याला चिकटवलेली डांबरी शीट त्या जागेवरून काढा. खाली तुम्ही वेल्ड करणार आणि वर कार्पेट धुमसत राहणार, आणि ते खालून दिसत नाही. कुणाला तरी अग्निशामक घेऊन आत बसवा. काम झाल्यावरही बराच वेळ गाडी सोडून जाऊ नका.

बॅटरीची ऋण तार काढा. वेल्डिंगची अर्थ त्याच पत्र्यावर, शक्य तितकी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगांतून किंवा एबीएसच्या तारांतून रस्ता काढतो. पत्रा किंवा नट जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर तेवढा भाग घासून काढा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आणि गाडी स्टँडवर, चॅसिसच्या सिलवर (दाराखालच्या मजबूत कडेवर). सबफ्रेमखाली जॅक असतो तो सबफ्रेमसाठी. त्याच्यावर गाडी नाही.

अतिघाई

एवढं करण्यापेक्षा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं करून मारा की. सगळ्या परदेशी व्हिडिओत तेच मारतात.

चाकोरी

@अतिघाई, आणि मग त्यावर वेल्डिंग करायचं? अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं. शिवाय एटीएफमध्ये ते नीट मिसळत नाही, दर वेळी हलवावं लागतं, आणि रंग नि रबर खातं. मारायचंच तर आदल्या दिवशी मारा, वेल्डिंगच्या आधी सगळं पुसून वाळवा.

सहज_सुचलं

चाकोरी, तुमच्याबरोबर गाडीखाली झोपायला मी तयार आहे. अतिघाईबरोबर नाही.

अतिघाई

:( बरं, १२.९ चं काय? ते तरी बरोबर की नाही?

लोहगंधा

तेही नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून नीट लिहिते.

१०.९ मधल्या १० चा अर्थ किमान १००० मेगापास्कल ताणशक्ती आणि ९ चा अर्थ त्याच्या ९० टक्क्यांवर पोलाद कायमचं लांबायला लागतं. १२.९ म्हणजे १२०० च्या ९० टक्के. कागदावर वीस टक्के जास्त. पण टॉर्कवेडा यांचा डावा बोल्ट ताकद कमी पडून तुटलेला नाही, तो सैल पडून तुटलाय.

बोल्ट नीट आवळला की तो रबराच्या पट्ट्यासारखा ताणून सबफ्रेम आणि चॅसिस एकमेकांवर दाबून धरतो. चाकांकडून येणारा धक्का मग मुख्यतः त्या दाबलेल्या सांध्यात जिरतो, बोल्टच्या ताणात फरक थोडाच पडतो. सांधा सैल झाला की चित्र उलटतं. प्रत्येक वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की पूर्ण भार बोल्टवर, वर वाकवणंही. अशा मारापुढे १२.९ सुद्धा थकतो, कदाचित जरा उशिरा.

दोन तोटे आणखी. पोलाद जितकं कडक तितकी त्याला हायड्रोजनची भीती जास्त. १२.९ चा बोल्ट गंज काढायला आम्लात बुडवला किंवा त्यावर साधा विजेने जस्ताचा मुलामा दिला, तर आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, काहीही न करता, आपणहून तुटू शकतो. आणि आतला नट १०.९ च्या जोडीचा असेल तर सगळ्यात महागात पडणारी गोष्ट, म्हणजे नटाचे आटे, आधी जाणार. बोल्ट बदलता येतो, चॅसिसमधला नट नाही.

कंपनीने दिलेल्या ग्रेडचे, कंपनीने दिलेल्या लेपाचे, चारही नवे.

गंजलेला नट

स्टेनलेस टाकले तर? गंजायचा प्रश्नच मिटला. (माझा जातभाईंना विरोध आहे, तरी विचारतो.)

लोहगंधा

नेहमी मिळणारा ए२-७० म्हणजे ७०० मेगापास्कल आणि ४५० लाच लांबायला लागतो. १०.९ च्या निम्मा. सायलेन्सरच्या पत्र्याला लावा, सबफ्रेमला नको.

ग्रीसप्रेमी

चारही नवे, मान्य. पण बसवताना आट्यांना तांब्याचं अँटिसीझ (आटे जखडू नयेत म्हणून लावायची पेस्ट) भरपूर लावा म्हणजे पुढच्या वेळी हा धागा काढावा लागणार नाही. मी गाडीचा एकही बोल्ट कोरडा बसवत नाही.

मोजूनमापून

ग्रीसप्रेमी, इथे माझा तुम्हाला कडक विरोध. आकडे मांडतो, उदाहरणापुरते. टॉर्कवेडा यांनी हे आकडे वापरू नयेत, गाडीच्या मॅन्युअलमधलेच वापरावेत.

एम१२, दीडची पिच, १०.९. ताण घेणारं क्षेत्रफळ ८८ चौरस मिलिमीटर. बोल्ट कायमचा न लांबता झेलू शकतो तो भार साधारण ७३ किलोन्यूटन. समजा १२० न्यूटन-मीटरला आवळला. कोरड्या आट्यांना नट फॅक्टर (टॉर्क आणि ताण यांना जोडणारा, घर्षणावर ठरणारा आकडा) ०.२० धरला तर बोल्टमध्ये ताण येतो ५० किलोन्यूटन. बरा आहे. तेल लागून तो ०.१५ झाला तर त्याच १२० ला ताण ६७. काठावर. अँटिसीझ लावून ०.१२ वर आला तर ८३. बोल्ट लांबला, गेला. टॉर्क रेंचने तिन्ही वेळा 'टक्' असाच आवाज केला.

पान्यावर दिलेल्या जोरातला ढोबळ मानाने ९० टक्के घर्षणातच जातो, ताणायला मिळतो १० टक्के. म्हणून घर्षणात थोडा फरक केला की ताणात मोठा फरक पडतो.

ग्रीसप्रेमी

आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. कोरड्या आट्यांचा ०.२० हा नव्या बोल्टचा झाला. वीस वर्षं जुन्या नटात गंजाचे खडे असतील तर ०.३० सुद्धा असेल, मग तुमच्या त्याच १२० ला ताण ३३ वर येतो आणि बोल्ट सैल राहून थकतो. हाच तर डाव्या बोल्टचा आजार! माझे इतके बोल्ट अँटिसीझ लावून बसलेत, एकही लांबला नाही, कारण मी टॉर्क कमी करतो.

मोजूनमापून

किती कमी?

ग्रीसप्रेमी

अंदाजाने.

सहज_सुचलं

:D :D :D

फिटरकाका

भांडू नका, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. नटात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे. दीडच्याच पिचचा टॅप, आधी हाताने, तिरका जात नाही ना बघत. कापायचा नवा टॅप नको, आटे साफ करायचा मिळतो तो बरा, नाहीतर जुन्या चांगल्या बोल्टला उभ्या खाचा पाडून त्याचाच टॅप कर. मग ब्रेक क्लीनर आणि हवा. नव्या बोल्टवर कंपनीचा जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप असतो, त्याचं घर्षण ठरवूनच मॅन्युअलमधला आकडा दिलेला असतो. त्यावर काही लावायचं नाही. गंज थांबवायचा तर सगळं आवळून झाल्यावर चॅसिसच्या पोकळीत आतून मारायचं मेण मार. ते आट्यांच्या मागच्या टोकाला पाणी पोचू देत नाही, आणि टॉर्कला हातही लागत नाही.

आणि मॅन्युअलमध्ये 'इतका टॉर्क अधिक इतके अंश' असं असेल तर तो बोल्ट एकदाच वापरायचा. दुसऱ्यांदा नाही, 'बरा दिसतोय' म्हणूनही नाही.

उनाड_चाक

थोडं अवांतर. बीएमडब्ल्यूच्या ई४६ मालिकेत मागच्या सबफ्रेमच्या माउंटजवळ मागचा पत्राच फाटतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तिथे बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्याभोवतीची जमीन चिरते. स्पॉट वेल्ड सुटतात, भेगा नटाच्या कडेने पसरतात. आवाज साधारण टॉर्कवेडांसारखाच. म्हणून गाडी कुठलीही असो, सबफ्रेम खाली आहे तोवर चारही माउंटभोवतीचं सील आणि रंग खरवडून पत्रा बघा. हा योग परत येत नाही.

आणखी एक. रबरी बुश काढून पॉलीयुरेथेन किंवा सॉलिड अ‍ॅल्युमिनियमचे टाकायचा मोह होईल. ड्रिफ्टवाले टाकतात. गाडी हलत नाही, मजा येते, पण आधी रबर जो धक्का खात होतं तो आता थेट पत्र्याला आणि बोल्टला जातो. पत्र्याला मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड करणार असाल तरच.

टॉर्कवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. झालं ते सांगतो.

टाकी उतरवली. (चाकोरी, तुम्हाला नमस्कार. टाकीवरच्या नळीचा रबरी तुकडा तडकलेला निघाला, माउंटपासून वीतभर अंतरावर.)

डावा तुकडा काकांनी सांगितला तसाच निघाला. बुश लावून उलटा बिट चालवला, बिट पाचेक मिलिमीटर आत गेला असेल, आणि तुकडा गरगर फिरत बुशसकट खाली आला. नटाचे आटे कोरे करकरीत. ज्या तुकड्याची सगळ्यात जास्त धास्ती होती तो बिनबोभाट गेला.

उजव्याने मात्र घाम काढला. पहिले नट उपटून आले. मग मिगचा करंट वाढवून मधोमध जास्त भरलं, तेव्हा धरला. आवळायच्या दिशेला जरा हलला, 'किर्र' आवाज आला, आट्यांतून लाल पूड गळायला लागली. पुढे-मागे, तेल, पुढे-मागे. अर्धा बाहेर आला आणि अचानक हलका झाला. मला वाटलं सुटला. बघतो तर बोल्टबरोबर आतला नटच फिरतोय, त्याचं वेल्ड सुटलंय.

आता पुढे काय?

फिटरकाका

घाबरू नकोस, होतं असं. वरून जायचं. डिकीतून किंवा मागच्या सीटखालून नटाची जागा मोजून काढ. खालून भोकाच्या मध्यातून बारीक ड्रिल वर काढता आलं तर उत्तम, तुझा तुकडा मधे आहे म्हणून कडेने माप घे. पत्रा तीन बाजूंनी काप, चौथी बाजू तशीच ठेव, झाकणासारखा वर दुमड. पूर्ण तुकडा कापून काढू नकोस, परत बसवताना पातळी जुळत नाही. आत दुहेरी पत्रा असेल तर दोन वेळा. नट पकडीत धर, बोल्ट काढ, नवा नट लाव.

नवा नट बोल्टच्या जोडीचा, १० च्या वर्गाचा. वेल्ड करताना खालून जुना निकामी बोल्ट सबफ्रेमच्या नळीसकट हाताने आवळून ठेव, म्हणजे नट बरोबर जागी आणि सरळ बसतो. नवा बोल्ट त्यात घालून वेल्ड करू नकोस.

लोहगंधा

काकांच्या शेवटच्या वाक्याचं कारण: १०.९ चा बोल्ट कारखान्यात कडक करून मग किमान ४२५ अंशांना टेम्पर केलेला (परत तापवून चिवट केलेला) असतो. वेल्डिंगची उष्णता त्याच्या वर सहज जाते, बोल्ट मऊ पडतो आणि बाहेरून काही कळत नाही. त्याच कारणाने ज्योत लावून काढलेला कुठलाही बोल्ट, कितीही चांगला दिसला तरी, परत वापरायचा नाही.

चाकोरी

आणि झाकण बंद केल्यावर आतून-बाहेरून प्रायमर, सांध्याला सील, मग पोकळीत मेण. मेण शेवटी. आधी मारून मग वेल्ड कराल तर पुन्हा अग्निशामकाची गोष्ट.

टॉर्कवेडा

केलं. मागच्या सीटखालून झाकण कापलं. नट हातात आला तेव्हा कळलं, तीन टाक्यांपैकी दोन गंजून गेले होते, एकावरच लटकत होता. म्हणजे आज ना उद्या फिरणारच होता. नवा नट लावला, रंग, सील, मेण सगळं झालं. ई४६ चं वाचून चारही माउंट खरवडून बघितले, पत्रा शाबूत. बुश रबराचेच टाकले. चारही बोल्ट नवे, कोरडे, मॅन्युअलच्या आकड्याला. ग्रीसप्रेमी, माफ करा.

ग्रीसप्रेमी

मेण लावलंत ना, तेवढ्यावर समाधान मानतो.

उनाड_चाक

चाकांची अलाइनमेंट करून घ्या. बोल्टच्या भोकात सबफ्रेमला सरकायला जागा असते. ती एक-दोन मिलिमीटर वाकडी बसली तरी दोन्ही मागची चाकं मिळून गाडीला एका बाजूला ढकलतात. स्टिअरिंग वाकडं धरून सरळ जावं लागतं आणि लोक पुढची चाकं तपासत बसतात. मशीनवाल्याला मागचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं मिळून गाडीला ज्या दिशेला ढकलतात तिचा कोन) आधी बघायला सांगा. तो शून्याजवळ नसेल तर टो-बोल्ट (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा बदलणारे बोल्ट) फिरवायच्या आधी सबफ्रेम सरकवून बघायला सांगा.

अतिघाई

काका, बोल्ट काही दिवसांनी परत आवळायचे का? (बघा, आता विचारून मग करतोय.)

फिटरकाका

शाब्बास. अंश मोजून आवळलेले असतील तर नाही, नुसती नजर. बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पेंटची एक रेघ मारून ठेवायची. रेघ तुटली तर बोल्ट फिरला. नुसत्या टॉर्कवर आवळलेले असतील तर काही शे किलोमीटरनंतर त्याच आकड्याला एकदा तपास. आणि इम्पॅक्ट गनने नाही.

लोहगंधा

टॉर्कवेडा, ते सुरळीत निघालेले दोन जुने बोल्ट फेकलेत का? नसतील तर डाय पेनिट्रंटची किट आणून आट्यांवर मारून बघा. लाल द्रव मारायचा, थांबायचं, पुसायचा, मग पांढरी भुकटी. डाव्या बोल्टचा भार इतका काळ पुढच्या उजव्याने उचललाय, मला तोच बघायचाय.

टॉर्कवेडा

मारलं. मागचा डावा स्वच्छ. पुढच्या उजव्याला, नटात शिरणाऱ्या पहिल्या आट्याच्या मुळाशी, घेराच्या साधारण पाव भागात केसाएवढी लाल रेघ उमटलीय. थोडं घासून परत मारलं, परत तिथेच. फोटो संध्याकाळी चढवतो.